काचेच्या दोन्ही बाजू



शाळांना उन्हाळी सुटी लागली की आपल्या घरांतली वर्दळ वाढते. मुले दिवसभर घरी असतात आणि भारतातून आजी-आजोबा, काका, मामा, मावश्या येतात. पाहुण्यांना न्यूयॉर्कमध्ये काय दाखवावे, हा प्रश्न मग घरोघरी निघतो. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि कोलंबिया विद्यापीठ ही दोन ठिकाणे आपल्या यादीत ठरलेलीच असतात. या वेळी आम्ही तिसरे ठिकाण सुचवीत आहोत: सेंट्रल पार्कच्या पश्चिमेस उभे असलेले 'अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी'. नावात केवळ निसर्गाचा इतिहास असला तरी तेथे माणसाचाही इतिहास मांडलेला आहे. माणसाचा इतिहास कोणी मांडावा, कोणाला विचारून मांडावा, हा प्रश्न आपल्या समाजाइतका जिव्हाळ्याचा फार थोड्यांना असेल. म्हणूनच या सदरात या संग्रहालयाविषयी काही लिहावे असे आम्हांस वाटले.

कोलंबिया विद्यापीठ आणि हे संग्रहालय यांत जेमतेम दोन मैलांचे अंतर आहे. ९ मे १९१६ रोजी त्या विद्यापीठात प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. हा निबंध आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही आहे. त्याचा आरंभ मात्र पुन्हा एकदा थांबून वाचण्याजोगा आहे. बाबासाहेब सुरुवात करतात ती प्रदर्शनापासून. वस्तूंची प्रदर्शने पुष्कळांनी पाहिलेली असतात, परंतु मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येईल ही कल्पना लोकांना चमत्कारिक वाटेल, असे ते म्हणतात. पुढे पाँपेईच्या अवशेषांतून प्रवाशांना हिंडवणाऱ्या वाटाड्याचा दाखला देऊन ते जातिसंस्था श्रोत्यांपुढे ठेवतात. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. ज्या समाजाविषयी तोवर इतरांनीच ग्रंथ लिहिले होते, त्या समाजातील एक विद्यार्थी त्या दिवशी स्वतः वाटाड्या झाला. काचेपलीकडे ज्याला उभे केले गेले असते, तो काचेअलीकडे येऊन बोलू लागला.

ही केवळ उपमा नव्हे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकांची मापे घेऊन भारतातील जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. माणसे मोजायची, त्यांचे गट पाडायचे आणि त्या गटांना वर-खाली बसवायचे, ही त्या काळच्या विद्वानांची रीत होती. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मानवी शरीराच्या मापांचीच आकडेवारी हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत असा निष्कर्ष मांडला. आपले पूर्वज ज्या पट्टीने मोजले गेले, त्याच पट्टीने जगभरातील अनेक समाज मोजले गेले. त्या मोजमापाच्या खुणा या संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि त्या पुसण्याचे प्रयत्नही पाहावयास मिळतात.

प्रथम संग्रहालयाविषयी. त्याची स्थापना १८६९ साली झाली आणि १८७७ पासून ते आजच्या जागी आहे. संग्रहात तीन कोटींहून अधिक नमुने आणि वस्तू आहेत. प्रेक्षकांसमोर मांडलेला भाग त्याचा अगदी लहानसा अंश होय. उरलेला संग्रह संशोधकांसाठी कपाटांत, पेट्यांत आणि बरण्यांत जपलेला असतो. मुलांचे पाय प्रथम वळतात ते डायनोसॉरच्या सांगाड्यांकडे आणि छताला टांगलेल्या ९४ फुटी निळ्या देवमाशाकडे. हा देवमासा फायबरग्लासची प्रतिकृती आहे. १९२५ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ मृतावस्थेत सापडलेल्या एका मादीवरून ती घडवली आहे. मे २०२३ मध्ये उघडलेल्या गिल्डर केंद्रात पाने कापून नेणाऱ्या मुंग्यांची जिवंत वसाहत आहे. पानाचा तुकडा डोक्यावर धरून चाललेल्या त्या रांगेसमोर मुले किती वेळ उभी राहतील याचा नेम नाही. याच केंद्रात काचेच्या भिंतींआड संग्रहाचा काही भाग दिसेल असा ठेवला आहे. एरवी तळघरात झाकून राहणारे भांडार लोकांना दिसावे, हा त्यामागचा हेतू.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना दोन गोष्टी विशेष दाखवाव्यात. पहिली, दक्षिण आशियाई सस्तन प्राण्यांचे दालन. १९३० साली उघडलेल्या या दालनातील प्राणी आर्थर व्हर्ने आणि कर्नल जॉन फॉनथॉर्प यांच्या मोहिमांत मिळवलेले आहेत. मध्यभागी हत्ती, आणि भोवतालच्या देखाव्यांत आपल्या ओळखीचे वाघ, गवा, सांबर. मेळघाट किंवा ताडोबाच्या परिसरातून आलेल्या माणसाला त्यांची नावे सांगावी लागत नाहीत. मात्र हे प्राणी येथे येण्यासाठी मारले गेले, हेही मुलांना सांगितले पाहिजे. पहिल्या शीलाचा उच्चार रोज करणाऱ्या घरात ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या काळी जंगलाचे चित्रण घरबसल्या पाहता येत नव्हते, त्या काळी या देखाव्यांनी शहरी माणसाच्या मनात वन्य प्राण्यांविषयी आस्था निर्माण केली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगता आल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट म्हणजे 'स्टार ऑफ इंडिया' हा ५६३ कॅरटचा नीलम. नाव भारताचे असले तरी तो मूळचा श्रीलंकेचा. नावाच्या पाटीवर किती विसंबावे, याचा हा सोपा धडा.

आता त्या इतिहासाकडे वळू, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. संग्रहालयात अनिघिटो नावाची ३४ टनांची लोखंडी अशनी आहे. तिचा भार थेट इमारतीखालच्या खडकावर पेलला आहे. ही अशनी ग्रीनलंडची. त्या बर्फाळ प्रदेशातील इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथील अशनींपासून लोखंड मिळवून आपली हत्यारे बनवीत. १८९७ साली ध्रुवप्रवासी रॉबर्ट पीअरी यांनी ती जहाजात घालून न्यूयॉर्कला आणली, आणि पुढे संग्रहालयाने पीअरी कुटुंबाकडून तीन अशनी ४०,००० डॉलरना विकत घेतल्या. त्याच जहाजातून सहा इनुइट माणसेही आणली गेली. त्यांत किसुक नावाचा एक पुरुष आणि त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा मिनिक होते. या सहा जणांना संग्रहालयाच्या तळघरात उतरवण्यात आले. काही महिन्यांतच चौघे आजारी पडून मरण पावले. किसुक त्यांत होता.

आईविना वाढलेल्या मिनिकला वडिलांना रीतीप्रमाणे पुरल्याचे समाधान मिळावे म्हणून संग्रहालयाच्या आवारात एक अंत्यविधी करण्यात आला. कातड्यात गुंडाळून जे ठेवले गेले, ते लाकडाचा ओंडका होता. किसुकचे शरीर अभ्यासासाठी विच्छेदन करून त्याच्या अस्थी संग्रहात जमा झाल्या होत्या. काही वर्षांनी मिनिकला हे समजले. त्याने वडिलांच्या अस्थी जाहीरपणे मागितल्या. त्या त्याला मिळाल्या नाहीत. १९१८ च्या साथीच्या तापात तो तरुणपणीच गेला. चौघांच्या अस्थी १९९३ साली ग्रीनलंडला परत नेऊन पुरण्यात आल्या. एका जहाजातून दगड आला आणि माणसे आली. दोहोंची नोंद संग्रहात झाली. दगड आजही तेथे आहे. माणसांना घरी पोहोचण्यास ९६ वर्षे लागली.

या घटनेत फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाचाही भाग होता. अभ्यासासाठी एखादा इनुइट माणूस आणावा, ही सूचना त्यांची होती, आणि त्या खोट्या अंत्यविधीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. हेच बोआस पुढे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे कट्टर विरोधक ठरले. माणसांच्या वस्तू 'रानटी ते सुधारलेले' अशा पायऱ्यांवर न मांडता ज्या त्या समाजाच्या जीवनाच्या संदर्भात मांडाव्यात, हा आग्रह त्यांनी धरला. १९०५ मध्ये ते संग्रहालय सोडून पूर्णपणे कोलंबियात गेले. गोल्डनवायझर हे त्यांचेच शिष्य. म्हणजे १९१६ च्या त्या चर्चासत्रापर्यंत येणारी ज्ञानाची एक वाट या संग्रहालयातून निघाली होती. वाट पुढे उजळली म्हणून ती जेथून निघाली तेथील अंधार नाहीसा होत नाही. त्या अंधारामुळे पुढचा उजेड खोटाही ठरत नाही. एकाच माणसाच्या हातून झालेली दोन्ही कर्मे आपापल्या जागी मांडून पाहणे, हे आपल्या परंपरेला नवे नाही.

बोआस गेल्यानंतर संग्रहालयाची दिशा काही काळ उलटीच राहिली. अध्यक्ष हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांच्या कारकिर्दीत, १९२१ साली, सुप्रजननशास्त्राची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद येथेच भरली. काही माणसे जन्मतःच श्रेष्ठ आणि काही जन्मतःच हीन, हे मत तेथे विज्ञानाच्या वेषात मांडले गेले. हे मत आपल्याला कोठून ओळखीचे वाटते, ते सांगण्याची आवश्यकता नाही. दारासमोर १९४० पासून थिओडोर रूझवेल्ट यांचा अश्वारूढ पुतळा होता. घोड्याच्या दोन्ही बाजूंस एक आदिवासी अमेरिकन आणि एक आफ्रिकी पुरुष पायी चालत असलेले दाखवले होते. तो पुतळा जानेवारी २०२२ मध्ये हलवण्यात आला.

त्यानंतरची दोन पावले अधिक महत्त्वाची आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये संग्रहालयाने प्रदर्शनातील सर्व मानवी अवशेष काढून घेण्याचे जाहीर केले. संग्रहात सुमारे १२,००० माणसांचे अवशेष असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. त्यांत आदिवासी अमेरिकन होते, मॅनहॅटनच्या एका दफनभूमीतून काढलेले गुलाम कृष्णवर्णीय होते, आणि १९४० च्या दशकात मरण पावलेले, ज्यांचे प्रेत न्यायला कोणी आले नाही असे न्यूयॉर्कमधील गरीबही होते. ज्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही, त्यांच्याच अस्थी कपाटांत अधिक भरतात. हा नियम केवळ अमेरिकेचा नव्हे. दुसरे पाऊल जानेवारी २०२४ चे. आदिवासींच्या अस्थी, दफनवस्तू आणि पवित्र वस्तू परत करण्याविषयीचा कायदा अमेरिकेत १९९० पासून आहे. त्याच्या नव्या नियमांनुसार अशा वस्तू प्रदर्शित करण्यापूर्वी संबंधित जमातींची संमती घेणे बंधनकारक झाले. संग्रहालयाने पूर्वेकडील वनप्रदेश आणि मैदानी प्रदेश यांतील आदिवासींची दोन मोठी दालने बंद केली आणि इतरत्रही काही कपाटे झाकली. झाकलेले कपाट पाहून पुष्कळ प्रेक्षक हिरमुसतात. आमच्या मते ते कपाटही प्रदर्शनच आहे. 'विचारल्याशिवाय दाखवणार नाही' एवढेच ते सांगते, पण हे सांगण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

अस्थी परत मागणाऱ्यांचे दुःख बौद्धांना परके नाही. भगवान बुद्धांचे अग्रश्रावक सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी १८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि फ्रेडरिक मेझी यांना सांची परिसरातील स्तूपांच्या उत्खननात सापडल्या. त्या लंडनला गेल्या आणि अनेक दशके व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ताब्यात होत्या. जगभरातील बौद्धांच्या मागणीनंतर १९४७ मध्ये त्या संग्रहालयातून बाहेर पडल्या आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांची येथे नव्या विहारात पुन्हा प्रतिष्ठित झाल्या. ज्यांना आपण वंदन करतो, ते दुसऱ्याच्या यादीत एक क्रमांक होऊन पडलेले असतात, हा अनुभव आपल्या इतिहासात आहे. तो असल्यामुळे मिनिकची मागणी आपल्याला चटकन समजली पाहिजे.

सर्व वस्तू परत जातातच असे नाही, आणि परत जाणे हा एकच मार्गही नाही. ओरेगॉनमध्ये सापडलेली साडेपंधरा टनांची विलमेट अशनी क्लॅकमस लोकांना पवित्र आहे. तिला ते तोमानोवोस म्हणतात. २००० साली संग्रहालय आणि ग्रँड रोंड जमातींचा महासंघ यांच्यात करार झाला. अशनी संग्रहालयातच राहिली, परंतु जमातीचे लोक दर वर्षी येऊन तिच्यापाशी आपला विधी करू शकतात. बाकीच्यांसाठी जो विज्ञानाचा नमुना आहे, तो त्या वेळेपुरता पुन्हा त्यांचा पूज्य होतो. १८९९ पासून असलेले वायव्य किनाऱ्याचे दालनही असेच पाहण्यासारखे आहे. बोआस यांनी मांडलेले हे दालन मे २०२२ मध्ये नव्या स्वरूपात उघडले. या वेळी मांडणीत त्या त्या आदिवासी राष्ट्रांतील जाणकार सहभागी होते आणि नू-चाह-नुल्थ विद्वान हा-यूप्स हे सहसंयोजक होते. या वस्तूंचे खरे स्थान आपल्या लोकांच्या घरांतच आहे, असे मत हा-यूप्स यांनी जाहीरपणे मांडले आहे. संग्रहालयात राहूनच त्याला हे ऐकवता येते आणि तरीही काम थांबत नाही, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

आता जाण्याविषयी थोडे. संग्रहालय थँक्सगिव्हिंग आणि नाताळ वगळता दररोज सकाळी १० ते सायंकाळी ५:३० उघडे असते; भुयारी रेल्वेचे ८१ व्या रस्त्याचे स्थानक इमारतीला लागूनच आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट येथील रहिवाशांना सर्वसाधारण प्रवेशासाठी आपल्या इच्छेनुसार रक्कम देता येते. त्यासाठी रहिवासाचा पुरावा जवळ असू द्यावा. विशेष प्रदर्शने, तारांगण आणि फुलपाखरांचे दालन यांचे तिकीट वेगळे असते. ठळक दालने दाखवणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या प्रवेशशुल्कातच मिळतात. वेळ आणि नियम निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावेत. इच्छेनुसार द्यायच्या रकमेबाबत एकच सांगावेसे वाटते. ज्याची ऐपत आहे त्याने पूर्ण रक्कम द्यावी, आणि ज्याची नाही त्याने संकोच न करता एक डॉलर देऊन आत जावे. दान यथाशक्ती असते, आणि ज्ञानाच्या दारात गरीब मनुष्य ताठ मानेने उभा राहिला पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

एका दिवसात सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. तीन-चार दालने निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. हे काय आहे? हे येथे कसे आले? ज्यांचे होते, त्यांना विचारले होते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर असते. दुसऱ्याचे कधी असते, कधी नसते. तिसऱ्याचे उत्तर पाटीवर सापडले, तर त्या दालनात काही बदलले आहे असे समजावे. १९८० साली उघडलेल्या आशियाई लोकांच्या दालनात तर हे प्रश्न अवश्य विचारावेत. भारतातले कोणते लोक येथे दिसतात, कोणते दिसत नाहीत, आणि जे दिसतात त्यांच्याविषयी कोण बोलत आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. आजी-आजोबा सोबत असतील तर वाटाड्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. पाटी लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांना ठाऊक असतात.

शेवटी एक विनंती. नागपूरजवळ चिचोली येथे बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. आपल्या माणसांनी आपल्या माणसासाठी केलेले ते जतन आहे. परदेशात आलेल्या आपल्या पहिल्या पिढीच्या वस्तू मात्र आज घराघरांतील खोक्यांत आहेत: येथील पहिल्या जयंतीची हस्तपत्रके, आईने सोबत दिलेली बुद्धमूर्ती, गावाकडून आलेली पत्रे, भीमगीतांच्या ध्वनिफिती. घर बदलताना हीच खोकी आधी फेकली जातात. ती फेकू नयेत. प्रत्येक वस्तूसोबत कोणाची, केव्हाची, कशासाठी, एवढे आपल्या हाताने लिहून ठेवावे. उद्या कोणत्याही संग्रहालयात आपल्याविषयी दालन उघडेल, तेव्हा त्यातील पाट्या दुसऱ्या कोणी अंदाजाने लिहू नयेत. १९१६ साली एका विद्यार्थ्याने वाटाड्याची जागा स्वतः घेतली. ती जागा रिकामी राहू न देणे आपल्या हाती आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.